आपला आज्ञाधारक कोण?

आपल्या अंकांतून समीक्षा येते ती कवितेची, कथेची, नाहीतर आत्मकथनाची. विद्रोह किती, नकार किती, प्रतिमा कुणाची उसनी, हे आपण बारकाईनं बघतो. बघायलाच पाहिजे. पण आपल्या समाजानं कवितेहून कितीतरी जास्त एक गोष्ट लिहिली, ती म्हणजे अर्ज. निवेदन, मागणीपत्र, ठराव, फिर्याद. ह्या लिखाणाची समीक्षा कुणी केली? प्रस्थापितांनी केली नाही, कारण त्यांच्या लेखी ते साहित्यच नव्हे. आपणही केली नाही. त्यांचं सौंदर्यशास्त्र आपण नाकारलं, पण साहित्य कशाला म्हणायचं ही व्याख्या मात्र त्यांचीच ठेवून घेतली.

माझं म्हणणं सरळ आहे. अर्ज हे आपलं रोजचं गद्य आहे. ते वाचायला शिकल्याशिवाय आपली कविता कुठं पोकळ होते ते कळणार नाही, आणि चळवळ कुठं ढिली पडते तेही कळणार नाही.

मी गिरणीतला माणूस, म्हणून गिरणीपासून सुरू करतो. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि फॅक्टरी कमिशनपुढं अर्ज ठेवला. खाली साडेपाच हजार कामगारांच्या सह्या. मागण्या बघा : आठवड्याला एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, कामाचे तास ठरलेले, पगार महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. ह्यात एकही विशेषण नाही. शोषण हा शब्द नाही, घामाचं काव्य नाही. अर्धा तास म्हणजे अर्धा तास. रविवारची सुट्टी मिळाली जून १८९० मध्ये. सहा वर्षं गेली, पण आज रविवारी कामगार घरी बसतो तो त्या कागदावर बसलेला असतो. ज्या लिखाणानं माणसाचा आठवडा बदलला त्याला साहित्याच्या इतिहासात ओळसुद्धा मिळू नये, हे कुठलं सौंदर्यशास्त्र?

आता आपल्या अर्जांकडं या. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ साली सासवडला ५१ गावांतल्या महारांची सभा भरवली. तिथून सरकारकडं अर्ज गेला, त्यावर १५८८ सह्या होत्या. १९१० साली दुसरा अर्ज थेट विलायतेला, भारतमंत्र्याकडं. मागणी काय? पोलिसांत आणि पलटणीत खालच्या जागा आम्हाला खुल्या करा. आधी गोपाळबाबा वलंगकरांनीही १८९४ साली पलटणीच्या भरतीसाठी विनंतीपत्र लिहिलं होतं. हे अर्ज आजचं पोरगं वाचतं तेव्हा त्याला राग येतो. केवढी राजनिष्ठा, केवढी विनंती, पूर्वजांच्या चाकरीचा केवढा पाढा!

राग येऊ द्या, पण वाचन सोडू नका. ह्या अर्जांची पाठ वाकलेली आहे, पण दावा वाकलेला नाही. सगळी नम्रता ओलांडून शेवटी म्हणणं एकच उरतं : ही जागा आम्हाला मिळायला हवी, आणि जात हे नाकारायचं कारण होऊ शकत नाही. शिवाय ५१ गावांतली माणसं एका कागदाखाली आली. गावकुसाबाहेर एकेकट्यानं जोहार घालणारा माणूस पहिल्यांदा 'आम्ही' असं लेखी म्हणाला. आपल्या कवितेतला 'मी' फार गाजला. हा 'आम्ही' त्याच्याहून जुना आहे आणि त्याला जास्त सोसावं लागलंय.

मग महाड येतं आणि अर्जाचं व्याकरणच बदलतं. आपल्या कवितेत महाड म्हणजे पेटतं पाणी. एवढंच. पण २० मार्च १९२७ च्या त्या ओंजळीमागं कागदांची रांग उभी होती. १९२३ साली मुंबई कायदे मंडळात रावबहादूर बोल्यांचा ठराव झाला : सरकारी पैशानं बांधलेली, चालवलेली पाणवठ्याची ठिकाणं अस्पृश्यांना खुली. महाडच्या नगरपालिकेनं त्यावर आपला ठराव केला. म्हणजे तळं कागदावर खुलं झालंच होतं. बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले ते मागायला नाही गेले. कागदावर असलेला हक्क पायानं चालत जाऊन वापरायला गेले. विनंती संपली, अंमल सुरू झाला.

पुढचा भाग आपण गाळतो, कारण त्यात घोषणा नाहीत. सवर्णांनी तळं शुद्ध करून घेतलं, नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला, डिसेंबरात दावा लागला आणि मनाई हुकूम आला. मनुस्मृती २५ डिसेंबरला जळाली, तळ्यावरचा सत्याग्रह मात्र कोर्टाच्या हुकमामुळं स्थगित ठेवावा लागला. मग दहा वर्षं कोर्ट. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टानं निकाल दिला. समोरच्यांचं म्हणणं होतं, अस्पृश्यांना तळ्यावर न येऊ देण्याची चाल अनादि काळापासूनची आहे. कोर्टानं पुरावा विचारला. तो अनादिपणा त्यांना सिद्ध करता आला नाही.

कवींनो, इथं थांबा. एक अख्खी समाजव्यवस्था 'अनादि' ह्या एका शब्दावर उभी होती आणि तो शब्द पुराव्याच्या प्रश्नापुढं पडला. आपण काय लिहितो? 'हजारो वर्षांपासून', 'युगानुयुगे', 'पिढ्यान्‌पिढ्या'. हे त्यांच्या 'अनादि'चेच चुलतभाऊ आहेत. अन्यायाला वय दिलं नाही की तो निसर्गासारखा दिसायला लागतो, पावसासारखा, दुष्काळासारखा. तारीख टाकली की त्याला बाप सापडतो.

आपल्या सोलापूरला कागदाची दोन्ही तोंडं ठाऊक आहेत. इथं सेटलमेंट होती. तारेच्या कुंपणात माणसं, हजेरीचं रजिस्टर, बाहेर पडायला पास आणि राबायला गिरणी. ज्या कायद्यानं जन्मलेलं मूल गुन्हेगार ठरवलं तो १८७१ साली सुरू झाला आणि १९५२ साली गेला. तो सगळा कारभार कागदाचाच होता. पण ह्याच शहरात बहिष्कृत हितकारिणी सभेनं ४ जानेवारी १९२५ ला विद्यार्थ्यांचं वसतिगृह काढलं आणि तिथल्या पोरांनी 'सरस्वती विलास' नावाचं मासिक चालवलं. नाव सरस्वतीचं! आज आपण ठेवलं नसतं. पण ज्या शहरात आपल्यासारख्यांची नावं हजेरीच्या रजिस्टरात दुसऱ्याच्या हातानं लिहिली जात होती, तिथं आपली पोरं स्वतःच्या हातानं मासिक लिहीत होती. तुमच्या हातातल्या ह्या अंकाचं मूळ शोधायला पॅरिसला किंवा न्यूयॉर्कला जायची गरज नाही.

आता कवितेचा हिशोब. ढसाळांचं 'गोलपिठा' १९७२ साली आलं आणि नंतर त्याच्या शिव्यांची नक्कल शेकड्यानं झाली. पण त्या कवितेची ताकद शिवीत नव्हती. ती वस्तीच्या तपशिलात होती : धंदे, माणसं, बोली, सगळं नेमकं. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं, ते टिकलं तेही असंच. महारकीतलं काम कोणतं, हक्काचा वाटा कोणता, हे त्यात जणू पंचनामा केल्यासारखं आहे. नक्कल करणाऱ्यांनी आग उचलली आणि पंचनामा टाकून दिला. म्हणून आज कविसंमेलनात दहा कवी उठतात आणि दहाच्या दहा सूर्य, मशाल, ज्वालामुखी वाटून घेतात. कुठल्या गावची गोष्ट, कळत नाही. कुणी केलं, कळत नाही. काय मागताय, तेही कळत नाही. टाळ्या मात्र मिळतात. अशा कवितेला आवक नंबर पडत नाही, कारण ती कुणाच्या टेबलावर जातच नाही.

उलट वस्तीवरून येणारे अर्ज वाचा. गिरणीतली पाळी सुटली की लोक माझ्याकडं ते लिहून घ्यायला येतात, त्यामुळं दोन तऱ्हा मला पाठ झाल्यात. पहिली तऱ्हा : मेहेरबान साहेबांचे सेवेशी, आम्ही गरीब मागासवर्गीय लोक, कृपा करून दया करावी, आपला आज्ञाधारक. दुसरी तऱ्हा : विषय, संदर्भ, स्मशानभूमीचा रस्ता कुठल्या गटातून जातो, अडवला कुणी, कधी, मागच्या अर्जाची पोच कुठल्या तारखेची, उत्तर लेखी द्यावं, आणि खाली सह्या, अंगठे. दोन्हीत मागणी तीच असते. पण पहिल्या अर्जातला माणूस साहेबाच्या मनावर जगतो. दुसऱ्यातला नोंदीवर उभा राहतो. 'आज्ञाधारक' हा शब्द खोडायला हात थरथरतो, लोक म्हणतात, साहेब रागावतील. तो एक शब्द खोडणं हे मला आपल्या कैक कवितांपेक्षा मोठं साहित्यिक काम वाटतं.

आता तुमचा प्रश्न मला ऐकू येतो. 'काय बे, कागदानं काय होतंय? अर्ज करून करून चपला झिजल्या.' खरंय. नुसता कागद फायलीत मरतो. पण पँथर आठवा. १९७२ साली जी डरकाळी उठली तिच्या मागं एक अहवाल होता, इलाया पेरुमल समितीचा. गावोगावच्या अत्याचारांची नोंद त्यात होती. पोरांनी ती वाचली आणि रस्त्यावर आली. डरकाळीच्या आधी वाचन होतं. नामांतराचंही तसंच. विधिमंडळाचा ठराव १९७८ चा, विद्यापीठाला नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या सोळा वर्षांत ठरावाचा तो कागद मरू दिला नाही तो रस्त्यानं, घरंदारं जळालेल्या माणसांनी.

आणि रस्ता कागदाकडं पाठ फिरवतो तेव्हा काय होतं तेही बघा. खैरलांजी, २९ सप्टेंबर २००६. राज्यभर लोक उठले. पण २००८ साली कनिष्ठ कोर्टानं फाशी-जन्मठेपा सुनावल्या त्या खुनासाठी, ॲट्रॉसिटी कायदा लावला नाही. जातीचा हेतू शाबीत झाला नाही, म्हणे. जे सगळ्या महाराष्ट्राला दिसत होतं ते पुराव्याच्या कागदात टिकलं नाही. ती लढाई फिर्यादीच्या पहिल्या ओळीपासून असते. २०१८ साली सुप्रीम कोर्टानं ह्या कायद्यातली अटक आणि गुन्हा नोंदवणं अवघड करून ठेवलं. निकालाची तारीख २० मार्च, महाडचीच. २ एप्रिलला भारत बंद झाला, माणसं मेली, आणि त्याच वर्षी संसदेनं १८-अ कलम घालून कायदा जागेवर आणला. रस्त्याची मागणी कलमात उतरली तेव्हाच ती पक्की झाली.

अर्जाचीही एक मर्यादा आहे, ती समीक्षेनं सांगायला हवी. अर्जाला सही लागते, आणि सही बहुतेक वेळा पुरुषाची पडते. मोर्चाला भाकरी बांधून देणारी, पोलीस आल्यावर दारात उभी राहणारी बाई कागदावर नसते. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली दिलं, त्यासाठी त्या आंबेडकरी चळवळीतल्या बायांकडं जाऊन बसल्या, त्यांना बोलतं केलं. ज्या कागदावर नव्हत्या त्यांना कागदावर आणलं. आपल्या समीक्षेनं ह्या पुस्तकाकडं पद्धत म्हणून बघायला पाहिजे : कुणाची सही राहून गेली, हा प्रश्न प्रत्येक अर्जाला, प्रत्येक कवितेला विचारायचा.

म्हणून संपादकांना माझी सूचना, विनंती नव्हे. पुढच्या अंकात कवितांच्या शेजारी एक निवेदन छापा, नावगाव सांभाळून, आणि त्याच्यावर कवितेसारखीच चर्चा होऊ द्या. कोण बोलतंय, कुणाला, कुठल्या आधारावर, आणि उत्तर नाही आलं तर पुढं काय. हे चार प्रश्न मग कवितेलाही लावा. टिकेल ती आपली. आणि दोस्तांनो, उद्या कुणी म्हातारी तुमच्याकडं अर्ज लिहून घ्यायला आली तर कवितेची वही बाजूला ठेवा. तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत उतरवा, तारीख घाला, तिला वाचून दाखवा, मग अंगठा घ्या. पोच आणायला विसरू नका.

जयभीम.