पुढच्या काचेतून आत पाहिल्यावर

प्लॅस्टिकच्या मॉडेल गाडीचे कौतुक आपण बहुधा रंगावरून करतो. "अगदी आरशासारखी झाली आहे हो!" म्हटले की आपले परीक्षण संपले. परंतु गाडी ही माणसांनी आत बसायची वस्तू आहे. तेव्हा मॉडेल पारखायचे तर पुढच्या काचेतून आत डोकावून, असा माझा आग्रह आहे.

आपल्या मंडळाच्या अल-खोबर येथील स्नेहसंमेलनात यंदा एका सभासदमित्राने १:२४ प्रमाणातली मुंबईची काळी-पिवळी फियाट टॅक्सी मांडली होती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची ही गाडी. १९६४ साली 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून आली आणि पुढे 'पद्मिनी' झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून ही टॅक्सी कायमची गेली, त्यामुळे टेबलाभोवती गर्दी झाली यात नवल नाही. पण डोळे पाणावले की नीट दिसत नाही, म्हणून थोडे परखड लिहितो.

आधी जमले ते. त्यांनी तयार सांगाडा न घेता प्लॅस्टिकचे पत्रे कापून, पुटी भरून, घासून बॉडी उभी केली आहे. मूळ गाडीच्या दोन्ही चाकांमधले अंतर २३४० मिलिमीटर, म्हणजे येथे साडेसत्त्याण्णव. ते बरोबर आहे आणि म्हणूनच गाडी दुरूनही ओळखू येते. रंगाचा क्रमही शहाणपणाचा आहे. आधी टपाचा पिवळा, तो पूर्ण वाळल्यावर मास्किंग टेप, मग खालचा काळा. उलटे केले असते तर पिवळ्यातून काळा डोकावत राहिला असता.

काळा मात्र फार काळा झाला आहे. लहान वस्तूवर शुद्ध काळा रंग भोकासारखा दिसतो. थोडा राखाडी मिसळला की वजन येते. शिवाय तो इतका घोटला आहे की गाडी शोरूममधून नुकतीच सुटलेली वाटते. टॅक्सी कधी अशी होती का? काचा एक मिलिमीटर जाडीच्या आहेत. चोवीसने गुणा: एका इंचाच्या आत-बाहेरची काच! ती बँकेच्या गाडीला शोभेल. पाव मिलिमीटरचा पारदर्शक पत्रा पुरला असता.

आता खरा मुद्दा. डॅशबोर्ड आणि पुढचे आसन एका इटालियन गाडीच्या किटमधून घेतले आहे. त्यामुळे स्टिअरिंग डावीकडे आले! येथे वर्षानुवर्षे डावीकडे बसून गाडी हाकणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कोणाला ते खटकले नाही, हे मला मॉडेलपेक्षा अधिक बोलके वाटते. मीटर डाव्या बाजूला, बाहेर, बरोबर बसवला आहे. पण तो तेथे का, तर गिऱ्हाईक फुटपाथकडून येते आणि चालक उजवीकडे बसतो म्हणून. चालकालाच डावीकडे आणले की ही सगळी जुळणी निरर्थक होते.

ही बारीकसारीक कटकट नव्हे. या देशाला याचा एक जुना दाखला आहे. फेब्रुवारी १९४५ मध्ये इजिप्तमध्ये राजे अब्दुल अझीझ यांची भेट झाल्यावर चर्चिलने त्यांना मोटार देऊ केली, आणि पुढच्या वर्षी रोल्स-रॉइस फँटम ३ येथे पोचली. मागे सिंहासनासारखे रुंद आसन, रक्षकांना उभे राहायला पायऱ्या, कशात उणे नाही. परंतु स्टिअरिंग उजवीकडे! राजांना पुढे चालकाशेजारी बसण्याची सवय. आता बसायचे तर त्याच्या डाव्या हाताला, आणि ते कमीपणाचे. त्यांनी ती भावाला देऊन टाकली, असे सांगतात. कारागिरी उत्तम होती. कोण कोठे बसणार एवढेच कोणी पाहिले नव्हते.

आमच्या मित्राची अडचण सुटण्यासारखी आहे. डॅशबोर्ड तीन तुकड्यांत करवतून बाजू बदलाव्यात, पेडल हलवावेत, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावरच घ्यावा. पुढचे सलग बाकही आताच करून टाकावे, कारण या गाडीला पुढे दोन सुट्या खुर्च्या शोभत नाहीत. हे करताना टप निघेल. परत बसवताना त्यावरचे कॅरिअर सरळ करण्याच्या भरीस मात्र पडू नये. ते किंचित तिरपे आहे, आणि मुंबईत मी पाहिलेली बहुतेक तशीच होती.