गुप्ततेचा आधार आणि सुरक्षिततेचा आभास

संकेतनाची पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये; गुप्त राहावी ती केवळ किल्ली, असा दंडक नेदरलंड्समध्ये जन्मलेल्या ओगुस्त केर्कहॉफ्स याने 1883 साली घालून दिला. त्याच देशातील नायमेखेनच्या राडबाउड विद्यापीठातील संशोधकांनी 2008 साली प्रसिद्ध केलेला ‘डिसमँटलिंग मायफेअर क्लासिक’ हा निबंध म्हणजे या दंडकाच्या उपेक्षेची मीमांसाच होय.

‘मायफेअर क्लासिक’ हे 1994 साली प्रचारात आलेले स्पर्शविरहित कार्ड. लंडनच्या ‘ऑयस्टर’ प्रवासपत्रात त्या काळी तेच वापरले जात असे आणि शिल्लक रक्कम कार्डाच्याच स्मृतीत नोंदली जाई. तिचे रक्षण करणारी ‘क्रिप्टो-1’ पद्धती निर्मात्यांनी गुप्त ठेवली होती. डिसेंबर 2007 मध्ये बर्लिन येथे कार्स्टन नोल व हेन्रिक प्लोट्झ यांनी चिपचे थर सूक्ष्मदर्शकाखाली तपासून तो पडदा प्रथम दूर सारला.

राडबाउडच्या निबंधाचे सामर्थ्य त्याच्या काटेकोर विश्लेषणात आहे. किल्ली अवघ्या 48 बिटांची. परंतु खरे वैगुण्य त्याहून खोल आहे. संकेतप्रवाह ठरविणारे फलन केवळ विषम स्थानांवरील बिटे वापरते; त्यामुळे शोधाचे दोन भाग पाडता येतात. वाचकयंत्राशी झालेल्या एकदोन संवादांवरून साध्या संगणकाला सेकंदाच्या आत किल्ली मिळते. कार्डाची यदृच्छ संख्या 32 बिटांची दिसत असली तरी तिची भिन्न मूल्ये 65,535 च आहेत.

तथापि निबंधाची कक्षा मुख्यतः चिप व तिचा संवाद एवढीच आहे. किल्ली सापडणे आणि पैशाचा अपहार पचणे या दोन भिन्न गोष्टी होत. दुसरी गोष्ट मध्यवर्ती हिशेबाच्या पडताळणीवरही अवलंबून असते. हा भेद वाचकाने स्वतःच ध्यानी ठेवावा लागतो.

स्वस्त चिपची सबब आखूड किल्लीपुरती ग्राह्य मानता येईल. गुप्ततेसाठी ती लागू पडत नाही. पद्धती विद्वानांच्या परीक्षेस खुली केल्याने चिपचा आकार तसूभरही वाढत नाही. एनएक्सपी या उत्पादक कंपनीने निबंधाच्या प्रसिद्धीस मनाई मागितली, ती आर्न्हेमच्या न्यायालयाने जुलै 2008 मध्ये नाकारली. हानीचे मूळ सदोष चिपमध्ये आहे, लेखनात नव्हे, हा त्या निर्णयाचा आशय शास्त्रदृष्ट्याही यथार्थ आहे. दोष झाकल्याने तो नाहीसा होत नाही. त्याची वार्ता कार्डधारकास सर्वांत शेवटी कळते, इतकेच.