चक्रवाढ व्याजाचा हिशोब मांडून पाहू

रिचर्ड हॅमिंग (१९१५-१९९८) हे नाव संगणकशास्त्र शिकविणाऱ्यांना परिचित आहे. संदेशातील चूक शोधून ती दुरुस्त करणारी सांकेतिक पद्धत त्यांनी १९५० साली प्रसिद्ध केली. बेल प्रयोगशाळेत तीस वर्षे काम केल्यावर १९७६ मध्ये ते कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे, अमेरिकी नौदलाच्या पदव्युत्तर विद्यापीठात शिकवू लागले. तेथील १९९५ च्या व्याख्यानमालेतील त्यांचे अखेरचे भाषण ‘तुम्ही आणि तुमचे संशोधन’ या विषयावर होते. माणसाने स्वतःच्या वाढीसाठी वेळेची गुंतवणूक कशी करावी, हा त्याचा गाभा. त्याचे चित्रण आजही पाहायला मिळते.

भाषणाचा बराच भाग आम्हांला मोलाचा वाटला. आपल्या विषयातले महत्त्वाचे प्रश्न कोणते, हे स्वतःला विचारत राहावे. त्यासाठी आठवड्यातला ठरावीक वेळ राखून ठेवावा. हॅमिंग स्वतः शुक्रवारची दुपार राखत. हा सल्ला शिक्षकांनाही लागू पडतो.

एका विधानापाशी मात्र आम्ही थबकलो. ज्ञान चक्रवाढ व्याजाने वाढते, त्याचा दर ६ टक्क्यांहून बराच अधिक असावा आणि रोज एक तास जादा काम केले तर आयुष्यभराचे काम दुपटीहून पुष्कळ जास्त होते, असे ते सांगतात. हॅमिंगनीच याच मालेत विद्यार्थ्यांना कागदाच्या कपट्यावर ढोबळ हिशोब मांडायला शिकविले होते. तो येथे मांडून पाहू.

आठ तासांऐवजी नऊ तास काम, म्हणजे साडेबारा टक्के जास्त. दरही तेवढाच वाढतो असे धरू. ६ टक्क्यांनी ४० वर्षांत मुद्दल सुमारे १०.३ पट होते; ६.७५ टक्क्यांनी १३.६ पट. फरक एक-तृतीयांशाचा. तो दुप्पट व्हायला मूळ दर १७ टक्क्यांच्या आसपास हवा. पण त्या दराने ज्ञान ४० वर्षांत पाचशे पटींहून अधिक होईल! असा माणूस आमच्या पाहण्यात नाही. शिवाय तांत्रिक तपशिलांचे अर्धायुष्य सुमारे १५ वर्षे, असेही हॅमिंगच सांगतात. म्हणजे दरवर्षी साडेचार टक्के घट. ६ मधून ती वजा केली तर हाती दीड टक्काच उरतो.

जादा तासाचा उपयोग नाही, असे आमचे म्हणणे नाही. एक-तृतीयांश फायदाही थोडा नव्हे. पण ‘दुप्पट’ हा शब्द व्यासपीठावरून उतरून वर्गात येतो, तेव्हा त्याचा अर्थ बदलतो. मागे पडलेल्या मुलाने तो एक तास दिला नाही, असा त्यातून निष्कर्ष निघतो. घरचे पाणी भरणाऱ्या, धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलीकडे तो तास असतोच कुठे? हॅमिंगच्या पाठीशी बेल प्रयोगशाळा होती, जेवणाच्या टेबलावर नामवंत शास्त्रज्ञ होते. मुद्दलच मोठे असेल तर व्याजाचे श्रेय एकट्या मेहनतीला देता येत नाही.

व्यक्तिमत्त्व विकासाची व्याख्याने आता आपल्या शाळा-महाविद्यालयांतही होतात. ती जरूर ठेवावीत. मात्र वक्ता आकडा सांगेल, तेव्हा दुसऱ्या दिवशी तो गणिताच्या तासाला फळ्यावर घ्यावा. दर कोणता, मुदत किती, घट धरली का, एवढे तीन प्रश्न नववीच्या मुलांनाही विचारता येतात. ते विचारायची सवय मुलांना लागली, तर तीच त्या व्याख्यानाची खरी मिळकत.