‘मूळ राइड’ म्हणजे नेमकं काय?

राइड बदलावी की नको, या वादात चाहते ‘मूळ रूप’ हा शब्द फारच सैल वापरतात. खोपोलीजवळच्या इमॅजिकातली ‘मिस्टर इंडिया’ बघा. सिनेमा १९८७चा, पार्क २०१३चं. ज्या पोराने सिनेमाच पाहिला नाही, त्याच्यासाठी जपायचं काय, मोगॅम्बो की हलणारी खुर्ची?

डिस्नेच्या स्प्लॅश माउंटनची राइड १९८९ची, पण तिचा सिनेमा १९४६चा. वर्णद्वेषी चित्रणाचा ठपका असलेला, अमेरिकेत व्हिडिओवर पूर्ण कधीच न आलेला. २०२४मध्ये तिथे टियाना आली, पाण्यातली उडी तशीच राहिली. तरी ‘बालपण पुसलं’ म्हणे! कुठलं पुसलं?

आपल्या हिंगोलीच्या दसऱ्यातला आकाशपाळणा दरवर्षी सुटा होऊन जातो, तरी आपण त्याला ‘तोच’ म्हणतो. म्हणून प्रश्नावलीत ‘राइड बदलावी का?’ असं ढोबळ विचारू नका. कथा, यंत्र, गाणं वेगवेगळं विचारा.