मंटोंचे एक क्रियापद : ‘खोल दो’ची रचना आणि मराठी अनुवाद

सआदत हसन मंटो (१९१२-१९५५) यांनी आपल्या लेखनप्रक्रियेविषयी जे सांगितले आहे, ते शब्दशः घेता येत नाही. कागदावर प्रथम ७८६ लिहायचे, सोफ्यावर पाय दुमडून बसायचे आणि मुलींच्या गलक्यातच लिहीत सुटायचे. कथा डोक्यात नसते, खिशात असते, असे ते म्हणतात. या गमतीदार कबुलीमुळे मंटो म्हणजे बेफिकीर, उत्स्फूर्त कथाकार असा समज पसरला. अश्लीलतेच्या खटल्यांच्या चर्चेत तर रचनेकडे पाहण्यास कोणाला सवडच उरली नाही. १९४८ मधील ‘खोल दो’ मात्र वेगळी साक्ष देते.

फाळणीच्या धावपळीत सकीनाची ओढणी पडते. ती राहू द्या म्हणते, तरी वृद्ध सिराजुद्दीन ती उचलतो. पुढे मुलगी हरवते आणि ओढणी तेवढी त्याच्या कोटाच्या खिशात राहते. शोधपथकातील स्वयंसेवकांना सकीना सापडते तेव्हा ओढणीवाचून ती हातांनी अंग झाकू पाहते. येथे निवेदक एक अक्षरही जास्त बोलत नाही. त्यानंतर जे घडले, ते तर सांगितलेच जात नाही. ते कळते इस्पितळात, डॉक्टर खिडकी उघडायला सांगताना शीर्षकातलेच दोन शब्द उच्चारतात तेव्हा. अर्धमेल्या मुलीचे हात नाडीकडे जातात. बाप आनंदाने ओरडतो, कारण त्याला फक्त हालचाल दिसते; डॉक्टरांना घाम फुटतो. एकाच दृश्याचे असे दोन वाचक कथेतच उभे केल्यावर निवेदकाने भाष्य करायचे ते काय? १९४१-४२ मध्ये दिल्ली आकाशवाणीसाठी मंटोंनी भरपूर नाटिका लिहिल्या. श्राव्य माध्यमात बोललेल्या शब्दावरच सारी भिस्त असते. ती सवय येथे कामी आलेली दिसते.

मराठीत अडचण नेमकी याच ठिकाणी येते. उर्दूत खिडकीही ‘खोलतात’ आणि नाडाही. मराठीत खिडकी उघडतात, नाडी सोडतात. शिवाय डॉक्टर वृद्धाला ‘उघडा’ म्हणतील. मुलीला दरडावणारा ‘सोड’ म्हणेल. म्हणजे क्रियापदही बदलले आणि आदरार्थी रूपही. मूळ कथेत दोन्ही हुकूम एकाच उच्चारात मावतात आणि सारी कथा त्या बिजागरीवर फिरते. ‘टोबा टेक सिंह’मध्येही गावाचे नाव माणसाचे होते, पण विशेषनाम अनुवादात शाबूत राहते, क्रियापद राहत नाही.

दखनी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना हा शेवट समजावून सांगावा लागत नाही. इतरांसाठी डॉक्टरांचे शब्द उर्दूतच ठेवणे बरे, मग संवाद थोडा परका वाटला तरी चालेल. शीर्षक ‘खोल दो’ आणि आत ‘खिडकी उघडा’ ही तडजोड सर्वांत वाईट : वाचकाला शेवटी मुलीचे हात का हलले, हेच कळत नाही.