हसवणाऱ्या गाण्याची पायरी

आपल्याकडे गाण्यांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. सर्वात वरच्या पायरीवर रडवणारं गाणं, त्याच्या खाली डोलायला लावणारं, आणि अगदी खाली, चपलांशेजारी, हसवणारं. करुण गाणाऱ्याला आपण गायक म्हणतो, हसवणाऱ्याला गमत्या. रॉक संगीताच्या मुलखातही फार वेगळं नाही. तिथं दुःखाला मान, रागाला मान, बंडाला तर फारच मान. विनोदाला मात्र 'नॉव्हेल्टी' म्हणून बाजूच्या कप्प्यात टाकायचं. त्यात तो विनोद पुस्तकी असला, भूगोल-विज्ञान-इतिहासातून आलेला असला, की 'हुशार पोरांचा चाळा' म्हणून आणखी एक शिक्का बसतो. गीक म्हणतात ना, एखाद्या विषयाच्या नादात जेवणखाण विसरणारी आणि चारचौघांत जरा बावळट ठरणारी मंडळी, त्यांचं हे संगीत. डोक्याचं, काळजाचं नव्हे, असा त्याच्यावर आरोप.

हा आरोप मला मान्य नाही. आणि त्याला उत्तर द्यायचं तर 'दे माइट बी जायंट्स' या अमेरिकन बँडइतका चांगला साक्षीदार मला दुसरा माहीत नाही.

जॉन फ्लॅन्सबर्ग आणि जॉन लिनेल हे दोघे मॅसॅच्युसेट्समधल्या लिंकन गावात वाढलेले मित्र. १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात त्यांनी बँड सुरू केला. नाव घेतलं १९७१ च्या एका चित्रपटावरून, आणि त्या नावाचं मूळ आहे डॉन किहोतेच्या पवनचक्क्यांत. दिसतात पवनचक्क्याच, पण कोण जाणे, राक्षस असतीलही! एकाकडे गिटार, दुसऱ्याकडे अ‍ॅकॉर्डियन, आणि ढोलकऱ्याच्या जागी यंत्र. अ‍ॅकॉर्डियन म्हणजे आपल्या पेटीची लांबची बहीण. भात्याची हवा आणि धातूच्या पट्ट्या, तत्त्व तेच. पं. रामभाऊ विजापुरे यांच्या बेळगावात राहून पेटी ऐकलेल्या माझ्या कानाला म्हणूनच हे रॉक पहिल्यापासून परकं वाटलं नाही.

सुरुवातीलाच फ्लॅन्सबर्गच्या घरी चोरी झाली आणि लिनेलचं मनगट मोडलं. कार्यक्रम थांबले. मग त्यांनी टेलिफोनच्या आन्सरिंग मशीनवर गाणी भरून ठेवली आणि नंबराची जाहिरात दिली. फोन करा, गाणं ऐका. 'डायल-अ-साँग' हे त्या सोयीचं नाव. यंत्र एकच, त्यामुळे एका वेळी एकच माणूस ऐकू शकायचा. दुसऱ्याला एंगेज टोन. त्यांच्या विनोदाचा स्वभाव मला या यंत्रात दिसतो. हजारोंच्या गर्दीला एकदम हसवायचा हा विनोद नव्हे. कानाला रिसीव्हर लावून एकट्या बसलेल्या माणसाशी तो बोलतो.

याला विडंबन समजू नये. विडंबन काय असतं ते आपल्याला 'झेंडूची फुले' वाचून ठाऊक आहे. मूळ कविता माहीत असेल तरच अत्र्यांचा टोला कळतो. अमेरिकेत 'विअर्ड अल' यँकोविक हे काम उत्तम करतो. १९९६ मध्ये त्यानं या दोघांच्या शैलीचीही नक्कल करून घेतली. पण या दोघांच्या गाण्यात सहसा मागे दुसरं गाणं नसतं. वस्तू असते, कल्पना असते, आणि ती कल्पना ते शेवटपर्यंत प्रामाणिकपणे पाळतात.

'बर्डहाउस इन युअर सोल' हे १९९० चं त्यांचं सर्वात गाजलेलं गाणं घ्या. ब्रिटनच्या यादीत ते सहाव्या क्रमांकावर पोचलं. यात बोलतो कोण, तर भिंतीच्या बटणाजवळ लावलेला, निळ्या पाखराच्या आकाराचा झिरोचा दिवा. तो स्वतःची वंशावळ सांगतो. दीपगृह हा त्याचा पूर्वज. पूर्वजाबद्दल आदर आहे, पण ते काम आपल्याला झेपलं नसतं, ग्रीक पुराणातले सगळे खलाशी आपण बुडवले असते, अशी कबुलीही देतो. हसू येतं. पण हसता हसता लक्षात येतं की कुणीतरी झोपलंय आणि त्याच्यासाठी कुणीतरी जागं आहे. एवढ्याशा उजेडाला आपण पुरे पडू का, याची काळजी आहे. हीच गोष्ट सरळ शब्दांत सांगितली असती तर ती शुभेच्छापत्रावरची ओळ झाली असती. दिव्याच्या तोंडी घातल्यामुळे ती खरी वाटते.

चांगली गाणारी माझी एक मैत्रीण हे ऐकून म्हणाली, "अगं, हे गाणं आहे की चेष्टा चाललीय?" दोन्ही, आणि दोन्ही एकाच दमात. एकनाथांच्या विंचवाच्या भारुडाला हसणाऱ्या माणसांना हे समजावून सांगायची गरज पडू नये. सोंग आहे म्हणून वेदना खोटी, असं तिथं कोण म्हणतं?

याच अल्बममध्ये 'डेड' नावाचं छोटं गाणं आहे. मेलेला माणूस किराणा मालाची पिशवी होऊन परत येतो, आणि वरच्या छापील तारखेच्या आधीच चुकून फळीवरून उचलला जातो. अकाली मरण ते हेच. ऐकायला ही कल्पना शाळकरी वाटते. आमचे अप्पा गेले तेव्हा त्यांनी आठवड्यापूर्वी आणून ठेवलेलं सामान फडताळात तसंच होतं. पुड्यांवर पुढच्या वर्षाची तारीख. त्या महिन्यात मला एकही शोकगीत ऐकवेना. प्रत्येक गाणं 'आता रड' असा हुकूम सोडत होतं. या गाण्यानं हुकूम सोडला नाही. त्यानं फक्त तो विसंगत हिशोब समोर ठेवला: डाळीची मुदत शिल्लक आहे, माणसाची संपली. गीकपणाला आपण कोरडेपणा म्हणतो, तो खरं तर असा असतो. भावनेचं नाव न घेता तिचा तपशील नीट मांडायचा.

सगळंच असं जमलेलं नाही, हेही सांगायला हवं. १९९२ च्या 'अपोलो १८' मध्ये 'फिंगरटिप्स' हा एकवीस छोट्या तुकड्यांचा प्रकार आहे. सीडी प्लेअर शफलवर ठेवला की हे तुकडे इतर गाण्यांच्या मधे कुठेही उगवावेत, ही योजना. योजनेला दाद द्यावी. पण ऐकताना मी दहाव्या तुकड्याला दमते. काही गाण्यांत कोट्यांची इतकी दाटी होते की ऐकणाऱ्याला आत शिरायला जागा उरत नाही. हुशारी ही बोलायची रीत असते तसा लपायचा आडोसाही असतो, आणि कधीकधी हे दोघे त्या आडोशाला जातात. कल्पना आणि गाणं यांचा मेळ बसला की मात्र पाहत राहावं. 'आय कॅन हिअर यू' हे १९९६ चं गाणं न्यू जर्सीतल्या एडिसनच्या प्रयोगशाळेत, विजेशिवाय, मेणाच्या नळकांड्यावर मुद्रित केलं. विषय कोणता? यंत्रांतून खरखरत येणारे, धड ऐकू न येणारे आवाज.

एक मुद्दा बाई म्हणून. हुशार पोरांच्या कट्ट्यावर एक दार असतं आणि दारावर पहारा असतो. कुठल्या बाईनं एखाद्या रेकॉर्डचं साल सांगितलं की लगेच तिची तोंडी परीक्षा सुरू होते. ज्ञानाचा इथं परवलीचा शब्द होतो. या दोघांच्या गाण्यांत मला तो पहारा जाणवत नाही. बेल्जियन चित्रकार जेम्स एन्सॉर असो की अमेरिकेचा अकरावा राष्ट्राध्यक्ष पोक, ते ओळख करून देतात, 'तुला माहीत नाही?' असं विचारत नाहीत. २००२ पासून त्यांनी लहान मुलांसाठी अल्बम केले; त्यातल्या अंकांच्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. तिथंही आवाज तोच, लाडे लाडे बोलणं नाही. मुलांना मोठ्यांसारखं आणि मोठ्यांना मुलांसारखं वागवणं, दोन्ही त्यांना जमतं.

त्यांचं मला सर्वात आवडणारं काम याच वाटेवरचं आहे. १९५९ मध्ये अमेरिकेत मुलांसाठी विज्ञानगीतांची एक तबकडी निघाली. त्यातलं 'व्हाय डज द सन शाइन?' सांगतं की सूर्य म्हणजे धगधगत्या वायूचा गोळा. शब्द हाय झॅरेट यांचे. 'अनचेन्ड मेलडी' हे जगभर डोळे ओलावणारं प्रेमगीतही त्यांनीच लिहिलं. हात एकच, एक गाणं वरच्या पायरीवर, दुसरं चपलांशेजारी! या दोघांनी ते सूर्यगीत १९९३ मध्ये आपलंसं केलं, कार्यक्रमांतून गायलं. पण सूर्य वायूचा नसतो, प्लाझ्माचा असतो. मग २००९ च्या 'हिअर कम्स सायन्स'मध्ये त्यांनी ते गाणं पुन्हा घेतलं, आणि त्याच अल्बममध्ये ते दुरुस्त करणारं नवं गाणंही गायलं.

विचार करा, कुठल्या प्रेमगीतानं कधी शुद्धिपत्रक काढलं आहे? रडवणारं गाणं आपण कधी चुकत नाही अशा थाटात उभं असतं. हसवणारं गाणं म्हणतं, बघा, आधी असं वाटलं होतं, आता असं कळलंय, चला पुन्हा गाऊ. त्याला आणखी वरची पायरी द्यावी असा माझा आग्रह नाही. ते खाली बसलंय तिथं जाऊन आपण जरा टेकावं. ऐकू येईल असं अंतर तेवढंच आहे.