पाहिजे : प्राचार्य

मराठी टीकाकारांनी कादंबरी सोलली, कविता कुटली, नाटकाला तर तिसरी घंटा व्हायच्या आत गाठलं. पण दर साली एप्रिल-मे महिन्यांत वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, ‘प्लॉट विकणे आहे’ आणि ‘नावात बदल’ यांच्या मधल्या चौकटीत जे वाङ्मय फुलून येतं, त्याच्याकडे एकाही मायेच्या पुताची नजर गेलेली नाही. मी शाळांच्या जाहिरातींबद्दल बोलतोय. आणि त्यांतही ‘पाहिजे : प्राचार्य’ या प्रकाराबद्दल. आमच्या बीड जिल्ह्यात सीताफळाखालोखाल हेच पीक जोमानं येतं. फरक इतकाच, की पिकत आलं की सीताफळाचे डोळे उघडतात.

सगळ्याच शाळा हे वाङ्मय प्रसवत नाहीत, हे आधी सांगायला हवं. जुन्या खाजगी शाळांना कायदा आहे 1977 चा आणि नियम आहेत 1981 चे. त्यात म्हटलंय की मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली की शाळेतला सर्वांत ज्येष्ठ, पात्र आणि ज्याचं सेवापुस्तक बरं आहे असा शिक्षक तिथं बसवावा. म्हणजे जाहिरात लागत नाही, कॅलेंडर लागतं. आमच्या वेळी एका गृहस्थांना ही ज्येष्ठता निवृत्तीच्या आधी चौदा महिने लाभली. त्यातले दोन महिने सत्कारात गेले, तीन पेन्शनच्या कागदांत, आणि उरलेले ‘आता कशाला नवीन काही’ यात. तरी माणूस घरचा होता. कुठला नळ गळतो आणि कुठला मुलगा खोटं बोलतो, एवढं त्याला ठाऊक होतं.

नव्या शाळेची गोष्ट वेगळी. 2012 साली स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला आणि डांबरी रस्त्याच्या कडेला, मंगल कार्यालय आणि पेट्रोलपंप यांच्या सोबतीनं, इंग्रजी शाळा उभ्या राहू लागल्या. या शाळांत ज्येष्ठ कुणी नसतोच. सगळे गेल्या जूनमध्ये आलेले. तेव्हा प्राचार्य बाहेरून आणावा लागतो आणि आपल्या अभ्यासविषयाला आरंभ होतो.

नमुना म्हणून एक जाहिरात घेऊ. ही कुठल्याही एका शाळेची नाही. दहा-बारा जाहिराती एकत्र उकळून काढलेला काढा आहे :

‘पाहिजे : प्राचार्य. निसर्गरम्य परिसरातील नामांकित निवासी व अनिवासी इंग्रजी माध्यमाच्या शाळेसाठी. पात्रता एम. ए. किंवा एम. एस्सी., बी. एड. अनुभव किमान 10 वर्षे. इंग्रजीवर प्रभुत्व व प्रभावी व्यक्तिमत्त्व आवश्यक. प्रवेशवाढीचा अनुभव असल्यास प्राधान्य. पात्र उमेदवारास वेतनाची अडचण नाही. राहण्याची सोय होईल. मूळ कागदपत्रांसह रविवारी सकाळी 11 वाजता स्वखर्चाने हजर राहावे.’

पहिलाच शब्द बघा : पाहिजे. कुणाला? ते लिहिलेलं नाही. मुलांना पाहिजे, पालकांना पाहिजे, की तपासणीला साहेब येणार आहेत म्हणून पाहिजे? मी चौतीस वर्षं मराठीचं व्याकरण शिकवलं. इतक्या सफाईनं पडद्याआड गेलेला माणूस दुसऱ्या कुठल्या वाक्यात मला भेटला नाही.

‘निसर्गरम्य’ हे विशेषण बालाघाटाच्या डोंगराला उद्देशून आहे. डोंगर आहे, यात शंका नाही. मे महिन्यात तो तव्यासारखा तापतो हेही खरं. विहिरीला पाणी असेल तोवर निसर्ग, आणि टँकर सुरू झाला की रम्य, अशी या समासाची फोड आमच्याकडे करतात. ‘नामांकित’ म्हणजे पाटीवर नाव घातलेलं आहे. शाळेला तीन पावसाळे झाले असले म्हणजे पुरे. ‘अनुभव 10 वर्षे’ हा तपशील मात्र मला आवडतो. सरकारी नियम माध्यमिक शाळेच्या प्रमुखाकडे पदवीनंतरची 5 वर्षं मागतात, त्यांतली किमान 2 बी. एड. झाल्यावरची. आमच्या जाहिरातीला 10 हवीत. का, तर 10 हा आकडा ठळक टाइपात बरा दिसतो.

या रचनेचा खरा स्थायीभाव आहे ‘प्रवेशवाढ’. इथं कवी मोकळा होतो. प्रवेशवाढ म्हणजे मे महिन्याच्या उन्हात, इंग्रजीवर प्रभुत्व असलेल्या माणसानं आठवडी बाजारात उभं राहून पत्रकं वाटणं. एका प्राचार्यांना मी असं शेवग्याच्या शेंगांच्या ढिगाशेजारी उभं असलेलं पाहिलं आहे. टाय होता. शेंगा त्यांच्याआधी संपल्या.

‘वेतनाची अडचण नाही’ हा श्लेष फार वरच्या दर्जाचा. अडचण कुणाला नाही, हे इथंही गुलदस्त्यातच. दिवाळीपर्यंत पगार दोन हप्ते मागं पडतो आणि मग श्लेष उलगडतो. सगळ्या मजकुरात अलंकार नसलेला, खणखणीत खरा शब्द एकच : ‘स्वखर्चाने’.

आता माझी खरी तक्रार. सात विशेषणं झाल्यावर, पगारानंतर आणि स्वखर्चाच्या आधी, एका कोपऱ्यात अंग चोरून ते वाक्य बसलंय : राहण्याची सोय होईल. म्हणजे ही सवलत आहे! हॉटेलात जेवणावर बडीशेप फुकट असते, तशी. अहो, शाळा निवासी आहे ना? मग राहणं हीच तर नोकरी. बाकीचं, म्हणजे इंग्रजी, व्यक्तिमत्त्व आणि टाय, ही बडीशेप.

निवासी-अनिवासी शाळेचे दोन भाग असतात. अनिवासी भाग दुपारी साडेचारला पिवळ्या बसमध्ये बसून घरी जातो. त्याचं हसं-रडं आईबाप बघतात. निवासी भाग साडेचारनंतर सुरू होतो. चप्पल हरवलेली असते, पोट दुखत असतं, खरूज झालेली असते. संध्याकाळचा भात कच्चा असतो, आणि रात्री दहानंतर तिसरीतलं पोर उशीत तोंड खुपसून रडत असतं. जाहिरातीतला प्राचार्य साडेचारलाच संपतो.

दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात हे चालून जात असेल. आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी (त्यांना माणसं म्हणत नाहीत, ‘कोयता’ म्हणतात, एक जोडी म्हणजे एक कोयता) पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात, ती मार्च-एप्रिलला परततात. मुलं बरोबर नेली तर त्यांची शाळा फडात संपते. ठेवली तर आजीकडे, नाहीतर वसतिगृहात. सरकारनं हंगामी वसतिगृहं काढली; 2021 मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची योजना मंजूर झाली. ते सगळं आहेच. पण उचलीतल्या पैशातून काही बाजूला काढून मुलाला खाजगी निवासी शाळेत ठेवणारे आईबापही मला माहीत आहेत. ते प्राचार्याचं इंग्रजी तपासत नाहीत. जाताना त्याच्या पायाशी वाकून एवढंच म्हणतात, ‘सर, लेकरू तुमच्या वटीत घातलंय.’ ‘प्रवेशवाढीचा अनुभव’ असलेला माणूस यावर काय उत्तर देत असेल, कोण जाणे.

बरं, माणसं निवडायची दुसरी रीत आपल्याला ठाऊकच नव्हती असंही नाही. 1935 साली डेहराडूनला डून स्कूल निघालं, तेव्हा त्या मंडळींनी हेडमास्तर आणला थेट विलायतेहून. ईटनला विज्ञान शिकवणारे आर्थर फूट. तिथल्या राजेलोकांच्या शाळांत हेडमास्तर मुलांच्यातच राहतो ही रीतच, म्हणून फूटसाहेबही आवारातच राहिले. आमच्याकडचे संस्थाचालक त्या शाळेचा ब्लेझर उचलतात, घोड्यावरचा फोटो उचलतात. एवढी एकच गोष्ट तिथंच ठेवून येतात.

पण एवढं लांब कशाला? त्याच काळात निजामाच्या राज्यात हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेला एक मुख्याध्यापक मिळाला होता. शाळा 1921 ची, खेड्यातली, सरकारची मेहेरनजर नसलेली. मुख्याध्यापक तिशीच्या आतला. नाव व्यंकटेश खेडगीकर. आधी कामगारनेते ना. म. जोशींबरोबर काम केलेला. मग त्यानं संन्यास घेतला आणि तो स्वामी रामानंद तीर्थ झाला. पुढं अंबाजोगाईला, तेव्हाच्या मोमिनाबादला, योगेश्वरी नूतन विद्यालयाच्या कामात पडला आणि 1938 च्या सत्याग्रहात तुरुंगात गेला. आज अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाला आणि नांदेडच्या विद्यापीठाला त्याचं नाव आहे. आता हा अर्ज आमच्या निवड समितीपुढं ठेवून बघा. अनुभव : कामगार चळवळीचा. वेतनाची अपेक्षा : नाही (इथं अध्यक्षांचा चेहरा क्षणभर उजळेल). पोशाख : भगवा. मध्येच तुरुंगात जाण्याची शक्यता : दाट. प्रवेशवाढ : काही सांगता येत नाही. अर्ज बाद!

साताऱ्याच्या कर्मवीर भाऊराव पाटलांना तर अर्जच करता आला नसता. मॅट्रिकचाच पत्ता नव्हता. त्यांच्या वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं. ‘राहण्याची सोय होईल’ या तीन शब्दांत घरातल्या बाईच्या वाट्याला काय येतं, त्यावर मात्र कुठल्याच जाहिरातीत कधी ओळ खर्ची पडलेली नाही.

आता समीक्षकानं संहितेबरोबर प्रयोगही पाहावा असं म्हणतात. तो योग मला एकदा आला. जिल्ह्यातल्या एका शाळेनं (नाव राहू द्या) मला मुलाखतीला ‘तज्ज्ञ’ म्हणून बोलावलं. समितीत अध्यक्ष, सचिव, अध्यक्षांचे मेहुणे आणि मी. प्रश्नांची वाटणी आधीच झालेली. मेहुण्यांनी विचारायचं, ‘इंग्लिशमधून दोन शब्द बोला.’ सचिवांनी विचारायचं, ‘मूळ गाव कोणतं?’ आणि ते पुरेसं नाही झालं तर, ‘पाहुणे कोण तुमचे?’ मराठवाड्यात या प्रश्नाचं उत्तर आलं की जात कळते, तालुका कळतो आणि मागं कुठला पुढारी आहे तेही कळतं, बी. एड.चा कागद बघायची गरज उरत नाही. अध्यक्ष काही विचारत नव्हते. ते माणूस बघत होते. बैलबाजारात बघतात तसं, पण दात न मोजता.

नऊ उमेदवार झाले. सगळ्यांनी दूरदृष्टी सांगितली. एकानं लॅपटॉपवर ती दाखवलीही. दहावी एक बाई होती, चाळिशीची, आश्रमशाळेत काम केलेली. इंग्रजी बेताचं, पण चुका न करता बोलली. ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ असं सचिवांनी रिवाजाप्रमाणे म्हटलं. या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, पण ती म्हणाली, ‘वसतिगृहात मुलं किती आहेत?’

‘एकशे दहा,’ सचिव म्हणाले.

‘रात्री त्यांच्याजवळ कोण झोपतं?’

पंखा फिरत होता तेवढाच आवाज. मग मेहुणे म्हणाले, ‘वॉचमन हाय की मॅडम गेटवर.’

‘गेटवर नाही. मुलांजवळ.’

अध्यक्ष पहिल्यांदाच बोलले. रागानं नाही, समजुतीच्या सुरात. ‘मॅडम, रातच्याला लेकरं झोपतेत गुमान. त्यात प्राचार्याचं काय काम?’

‘झोपत नाहीत हो,’ बाई म्हणाल्या. ‘पहिला महिनाभर तर नाहीच. मग निजतात, तर अंथरूण ओलं होतं. ते सकाळी कुणाला कळू नये म्हणून तसंच गुंडाळून ठेवतात. मी राहणार असेन तर मला मुलांच्या इमारतीतच खोली लागेल.’

मी माझ्या कागदावर त्यांना पूर्ण गुण दिले आणि तोंडी सांगितलंही, की प्राचार्य सापडलाय, चहा मागवा. चहा आला. निवड लॅपटॉपवाल्यांची झाली. ‘बाई हुशार हाय, पण प्रश्न लई विचारती,’ असं मेहुण्यांचं रसग्रहण होतं. त्यात हुशार आणि प्रश्न यांच्यामध्ये ‘पण’ कशासाठी, हे मी विचारलं. पण तोवर जेवणाची ताटं आली होती.

नवे प्राचार्य संभाजीनगरहून दर सोमवारी यायचे आणि शुक्रवारी दुपारी जायचे. उरलेल्या रात्री बीडमध्ये भाड्याच्या घरात. दिवाळीला टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या त्याच आठवड्यात ते सुट्टीवर गेले आणि राजीनामा मोबाईलवर आला, खाली फुलांचं चित्र होतं. जूनपर्यंत सचिवांनीच सह्या केल्या. त्या हिवाळ्यात चौथीतला एक मुलगा रात्री उठून, गेटवरचा वॉचमन झोपलेला पाहून, चालत निघाला. सकाळी आठ किलोमीटरवर उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला सापडला. ‘आईकडं चाललो’ म्हणाला. आई कोल्हापुराकडे होती. त्यानं विचारून विचारून रस्ता बरोबर धरला होता.

मे महिन्यात जाहिरात पुन्हा आली. मी कात्रण ठेवलंय. निसर्गरम्य आहे, नामांकित आहे, अनुभव 10 वर्षांवरून 15 वर गेलाय. आणि ‘राहण्याची सोय होईल’ हे वाक्य काढून तिथं घातलंय : ‘ये-जा करणाऱ्यास वाहनभत्ता मिळेल.’

धाकट्या मुलांच्या खोलीत हल्ली स्वयंपाकाच्या मावशी झोपतात, असं वॉचमननं सांगितलं. कुणी सांगितलं नव्हतं, त्या मुलाच्या प्रकारानंतर आपली सतरंजी घेऊन स्वतःच गेल्या. भाकरी थापायचा पगार मिळतो, तोही कधी कधी दोन महिने उशिरा.